कबुलीची दोन टोकं

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझा मेल आणि सोबतचं सहा पानी टिपण वाचलं. तीन महिने तोक्योत राहून 'जपानी समाज आणि न्यायव्यवस्था' बघणार म्हणतेस. एवढा विषय तीन महिन्यांत कोणाच्या हाताला लागत नाही गं. माझं ऐकशील तर पाच पानं बाजूला ठेव आणि एकच गोष्ट धर, आरोपीची कबुली. ती पोलीस कोठडीत कशी तयार होते आणि कोर्टात पोचल्यावर तिचं काय होतं, एवढंच बघ. समाज त्यात आपसूक येतो.

कासुमिगासेकीला आधी जा. तोक्योचं जिल्हा न्यायालय आणि हायकोर्ट तिथे एकाच उंच इमारतीत आहेत. दारात बॅग तपासतात, पण तू कोण, कशाला आलीस, हे कोणी विचारत नाही. खटले उघड चालले पाहिजेत हे त्यांच्या राज्यघटनेच्या कलम 82 मध्येच आहे. खाली त्या दिवसाची यादी असते. तीत 'शिन्केन', म्हणजे आज पहिल्यांदा बोर्डावर आलेलं प्रकरण, शोध. गाजलेल्या खटल्यांच्या नादी लागू नकोस, तिथे बसायच्या जागेसाठी सोडत काढतात. दुकानातली चोरी, अमली पदार्थ जवळ बाळगणं, असली मामुली प्रकरणं घे. आरोपीला गुन्हा मान्य असेल तर पुरावा, साक्ष, युक्तिवाद सगळं तासाभरात उरकतं, निकाल पुढच्या तारखेला. आपल्या कोर्टात एवढ्या वेळात पुकाराही होत नाही.

वही मात्र खुशाल काढ. ही मुभा तुझ्यासारख्याच एका परक्या अभ्यासकामुळे मिळाली आहे. लॉरेन्स रेपेटा हे अमेरिकन वकील संशोधनासाठी तोक्योत होते. कोर्टात बसून टिपणं घ्यायची परवानगी त्यांनी पुन्हा पुन्हा मागितली, दर वेळी नकार. प्रेस क्लबच्या पत्रकारांना चालतं आणि मला का नाही, म्हणून त्यांनी सरकारवर दावा लावला. 8 मार्च 1989 ला सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई नाकारली, पण खास कारण नसेल तर श्रोत्याला लिहिण्यापासून अडवू नये असंही म्हटलं. दावा हरले, पण वही सुटली.

आता मी पाहिलेलं एक सांगतो. विशी-बाविशीचा मुलगा, दुकानातून चोरी, दुसऱ्यांदा. वकिलाने साक्षीला आईला बोलावलं. तिने शपथेचा कागद मोठ्याने वाचला, सही केली, पर्समधून छोटा शिक्का काढून त्यावर उमटवला. गुन्ह्याबद्दल तिला एकही प्रश्न नाही. मुलगा सुटला तर राहणार कुठे? त्याचा पगार कोणाच्या हातात राहील? मागच्या वेळीही तुम्ही लक्ष ठेवते म्हणाला होतात, मग लक्षात कसं आलं नाही? या शेवटच्या प्रश्नावर ती बाई काही बोलली नाही. सरकारी वकिलाकडे वळून वाकली, मग न्यायाधीशांकडे वळून वाकली. दुकानदाराला पैसे देऊन झालेल्या समझोत्याचा, म्हणजे 'जिदान'चा, कागद आधीच दाखल होता. निकाल लागला दीड वर्ष कैद, तीन वर्षांसाठी स्थगित. मुलगा आईबरोबर घरी गेला.

मी भारावून गेलो होतो. गुन्हेगाराला पुन्हा घरात घेणारं कोर्ट, वगैरे वगैरे वहीत लिहिलंही. यातला महत्त्वाचा शब्द आहे 'हान्सेई', केल्याचं मनापासून वाईट वाटणं. तो कोर्टाच्याही आधी लागू होतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 248 प्रमाणे पुरावा असूनही खटला न भरण्याचा अधिकार सरकारी वकिलाला आहे, आणि ते तो सढळ हाताने वापरतात. 99 टक्क्यांहून जास्त खटल्यांत शिक्षा होते हा आकडा तुझ्या टिपणात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आहे. तो खरा आहे. पण कच्ची प्रकरणं कोर्टात येतच नाहीत आणि आलेल्यांपैकी बहुतेकांत कबुली असते, हे शेजारी लिहिलं नाहीस तर आकडा काहीच सांगत नाही.

दुसरं टोक तुला कोर्टात बसून दिसणार नाही. अटक झाल्यावर पोलिसांकडे 48 तास, सरकारी वकिलाकडे 24, मग कोर्टाच्या हुकमाने दहा अधिक दहा दिवस. असे 23 दिवस, तेही बहुधा पोलीस ठाण्याच्याच कोठडीत. आरोपपत्राआधी जामीन नाही, चौकशीच्या खोलीत वकील नाही. तिथे जो 'चोशो', म्हणजे आरोपीचा लेखी जबाब, तयार होतो तो प्रश्नोत्तरांच्या रूपात सहसा नसतो. तपास अधिकारी 'मी' असा प्रथमपुरुषी मजकूर लिहितो आणि आरोपी खाली सही करतो. आपल्याकडे पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात येत नाही, जुन्या पुरावा कायद्याचं कलम 25, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 23. ते आपल्याकडे का आलं, साहेबाला आपल्याच पोलिसांचा भरवसा का नव्हता, हे नीट वाचून जा. कोणीतरी विचारेलच. आणि कागदावर ते कलम असून आपल्या कोठड्यांत काय चालतं हेही प्रामाणिकपणे सांग. आपण फार उंचावर बसलेलो नाही.

इवाओ हाकामादांचं प्रकरण तुला ठाऊक आहे, पण तारखा लावून वाच. शिझुओकातल्या मिसो कारखान्यातला कामगार, 1966 मध्ये चौघांच्या खुनासाठी अटक. जवळपास वीस दिवसांच्या पोलीस चौकशीनंतर कबुली. कोर्टात ती फिरवली. 45 कबुलीजबाबांपैकी 44 कोर्टाने बाजूला काढले, एक ठेवला आणि 1968 मध्ये फाशी सुनावली. त्या तीन न्यायाधीशांपैकी एकाने 2007 मध्ये जाहीरपणे सांगितलं की मला तो निर्दोष वाटत होता. 2014 मध्ये सुटका, 26 सप्टेंबर 2024 ला निर्दोष. तोवर वय 88 आणि मन केव्हाच विस्कटलेलं. बहीण हिदेको शेवटपर्यंत लढली.

त्या आईचं वाकणं आणि हाकामादांची सही, दोन्हींच्या मुळाशी एकच अपेक्षा आहे असं मला वाटतं. माणसाने चूक कबूल करावी, मग त्याला पोटात घेता येतं. ज्याने केलंच नाही त्याने काय करायचं, याला तिथे जागा नाही. हे माझं मत. ते डोक्यात ठेवून बघ आणि चुकीचं निघालं तर तसं कळव.

मे 2009 पासून गंभीर खटल्यांत तीन न्यायाधीशांबरोबर सहा सामान्य नागरिक बसतात, 'साइबान-इन'. असा एक खटला पूर्ण बघ. ज्यूरी त्यांच्याकडेही होती, 1928 ते 1943. आपल्याकडे मुंबईत नानावटी खटल्यात ज्यूरीने 8 विरुद्ध 1 असा निर्दोष कौल दिला आणि हायकोर्टाने तो उलटवला, ही गोष्ट तिथे सांग, लोक कान देऊन ऐकतात. पण साइबान-इन झालेल्या कोणाला आतल्या चर्चेबद्दल विचारू नकोस. त्यांच्यावर जन्मभराचं गुप्ततेचं बंधन आहे, मोडलं तर शिक्षा.

भारतीय म्हटल्यावर न्या. राधाबिनोद पाल यांचं नाव निघेल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या तोक्यो खटल्यात ते एक न्यायाधीश होते, आणि सगळे आरोपी निर्दोष असं त्यांनी भिन्नमतात म्हटलं. जपानने काही केलंच नाही, असं मात्र ते म्हणाले नव्हते. यासुकुनीत, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या वादग्रस्त देवस्थानात, त्यांचं स्मारक आहे, तिथे नेणाऱ्याचा हेतू ओळखून हो म्हण.

मुलाखतींचं मी स्वतः वाटोळं केलं होतं, म्हणून सांगतो. पहिल्याच भेटीत एका वकिलांना विचारलं, 23 दिवस हा अन्याय नाही का? ते 'मुझुकाशीई' म्हणाले, म्हणजे कठीण आहे. मला वाटलं दुजोरा मिळाला. पुढची भेट काही मिळाली नाही. ओळखीच्या कोणाकडून आधी चिठ्ठी जाऊ दे, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घे, समोर ठेव, आणि पहिल्या भेटीत त्यांचं काम काय ते ऐक.

बाकरवडी घेऊन जा. मोठा पुडा नको, एकेक वडी वेगळी बांधलेली मिळाली तर बघ, ऑफिसात सगळ्यांना वाटता येते. पहिल्या दिवसाची टिपणं टाइप न करता, आहेत तशी फोटो काढून पाठव.

तुझा,
सर