नाशिकमध्ये शेतावरचा गोबरगॅस प्रकल्प वाढवताना आधी काय पाहावं?

तुमचा रोज २५ घनमीटर गॅस देणारा प्रकल्प चालू आहे आणि कुजका कांदा, टोमॅटो, वायनरीतला द्राक्षाचा चोथा घालून तो १०० घनमीटरचा करावा का, असं तुम्ही विचारलंय. जरूर करा. पण टाकीचे दर काढण्याआधी बारा महिन्यांचा माल कुठून येणार ते मांडा. मी निफाड तालुक्यात गोठ्याला जोडून असाच प्रकल्प चालवतो.

चोथा मिळतो तो जानेवारी ते एप्रिल, द्राक्ष गाळपाच्या दिवसांत. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा सडतो पावसाळ्यात. टोमॅटोचे भाव पडले की ट्रॅक्टर भरून माल, मग काहीच नाही. टाकीतल्या जिवाणूंना मात्र रोज सारखाच खुराक लागतो. भाजीपाला एकदम ओतला तर आम्ल वाढतं आणि मिथेन बनणं मंदावतं. कांद्यात गंधक असतं, त्यामुळे गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा गंजवणारा वायू वाढतो आणि त्या गॅसवर चालणाऱ्या जनरेटरचं इंजिन खातो. लोखंडी किसाचा फिल्टर हवाच.

म्हणून पाया शेणाचाच ठेवा. १ घनमीटर गॅसला साधारण २५ किलो शेण, म्हणजे १०० घनमीटरला रोज अडीच टन. शेजारच्या गोठ्यांशी आत्ताच बोलून ठेवा: शेण द्या, स्लरी (गॅस निघाल्यावर टाकीतून बाहेर येणारं पातळ खत) न्या. पैशांच्या व्यवहारापेक्षा हा जास्त टिकतो.

आता हिशेब पाहा. अडीच टन शेण आणि तेवढंच पाणी, म्हणजे रोज ५,००० लिटर. ते ४० दिवस आत राहायचं तर टाकी २०० घनमीटरची लागते. आपल्याकडच्या थंडीत गॅस कमी बनतो, तेव्हा थोडी मोठीच धरा. शेण कालवायला इंजिन थंड करून आलेलं कोमट पाणी वापरलं तर बराच फरक पडतो. जुनी टाकी पाडू नका. शेजारी दुसरी बांधा आणि जुन्या टाकीतली स्लरी विरजणासारखी तिच्यात घाला. भाजीपाला नंतर, हळूहळू.

माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न स्लरीचा आहे, आणि तोच कुणी विचारत नाही. जितकं आत घालाल, जवळपास तितकंच बाहेर येणार. एप्रिलमध्ये द्राक्षवेलींच्या खरड छाटणीच्या वेळी बागेला ती उत्तम, पण भर पावसात कुठे टाकाल? साठवणुकीचा खड्डा अंदाजपत्रकात आधी धरा. त्याला कुंपण घाला, आणि साफसफाईसाठी कुणालाही टाकीत किंवा खड्ड्यात उतरवू नका. आतल्या वायूनं माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही.