यादी वेळेवर देणारा माणूस

हॉलंडमधल्या आम्स्टलवेनहून (अ‍ॅमस्टरडॅमच्या शेजारचं गाव) एका आईचं चार पानी पत्र आलंय. काळज्या बऱ्याच लिहिल्यात, पण खरी एकच, आणि ती तिसऱ्या पानावर सासूबाईंच्या व्हिसाखाली दडवून ठेवलीय. तीच आधी घेते.

“ताई, ह्यांचं काम रात्री अकरापर्यंत चालतं. टीममधले डच पाचच्या ठोक्याला लॅपटॉप मिटतात, बुधवारी ‘पापादाख’ (बापाचा दिवस) म्हणून पोरं घेऊन बागेत. आणि मॅनेजर रिव्ह्यूमध्ये ह्यांनाच विचारतो, इतका वेळ का बसतोस, काही अडचण आहे का? आळशांनी कष्टाळू माणसाला हे ऐकवावं? त्यात चार मेच्या युद्ध-स्मृतिदिनासाठी आमच्या तेरा वर्षांच्या मुलाला शाळेतून युद्धकाळातल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर प्रोजेक्ट मिळालं. परवा जेवताना बापाला म्हणाला, ‘बाबा, तुम्ही तिथे असता तर यादी एक दिवस आधीच दिली असती.’ हे ताटावरून उठले. तेव्हापासून दोघांचा अबोला आहे.”

बाई गं, पोरगा उद्धट बोलला, त्याबद्दल त्याने माफी मागायलाच हवी. पण त्याने जे वाचलंय ते तुम्ही दोघांनी वाचलेलं नाही, इतकी वर्षं तिथे राहून! माझा राग त्या न वाचण्यावर आहे.

१९४१ साली हॉलंड नाझी जर्मनांच्या ताब्यात होतं, त्यांनी मागितलं म्हणून अ‍ॅमस्टरडॅम पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी शहराचा नकाशा करून दिला. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. कुठल्या गल्लीत किती, हे नुसतं पाहून कळावं इतका नेटका. याकोब लेन्ट्झ नावाच्या डच अधिकाऱ्याने असं ओळखपत्र तयार केलं की त्याची नक्कल करताना भूमिगतांच्या नाकी नऊ आले. त्याला कुणी बंदूक लावली नव्हती, काम चोख व्हावं हीच त्याची हौस. देशातल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी तीन चतुर्थांश मारले गेले. पश्चिम युरोपात एवढं प्रमाण दुसरीकडे कुठेही नाही.

युद्ध संपल्यावरही चोखपणा सुटला नाही. छळछावण्यांतून जे थोडे परत आले, त्यांच्याकडे अ‍ॅमस्टरडॅम पालिकेने त्या काळातली थकलेली जमीनपट्टी मागितली, वर उशिराचा दंड. दंड लावणारा कारकूनही आपल्या टेबलावर प्रामाणिकच असणार.

आता मान मिळतो कुणाला ते बघा. फेब्रुवारी १९४१ मध्ये ज्यू तरुणांची धरपकड झाली तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमच्या ट्रामवाल्यांनी, गोदी कामगारांनी काम बंद पाडलं. दोन दिवसांत संप चिरडला, पण त्या गोदी कामगाराचा पुतळा आजही चौकात उभा आहे. मार्च १९४३ मध्ये भूमिगतांनी, ज्याच्या कार्डांवरून ज्यू शोधले जायचे ते नोंदणी कार्यालयच पेटवलं, तर अग्निशमन दलातल्या लोकांनी मुद्दाम रेंगाळत आग विझवली आणि कार्डं भिजावीत म्हणून पाणी जरा जास्तच मारलं. कामचुकारपणा केला म्हणून त्यांचं आजही कौतुक होतं.

म्हणजे सगळे डच शूर होते असं समजू नका. ज्यूंना वेस्टरबोर्कच्या छावणीत (तिथून पुढे मृत्यूछावण्यांकडे) नेणाऱ्या गाड्याही डच रेल्वेच्याच, आणि पंतप्रधानांची माफी यायला २०२० उजाडलं.

माझे अण्णा जिल्हा परिषदेत कारकून. अक्षर मोत्यासारखं, आणि आम्हा भावंडांना त्याचा केवढा अभिमान! १९७६ साली नसबंदीची टार्गेटं आली, तेव्हा गावांच्या याद्या त्याच अक्षरात उतरल्या. आमच्या दूधवाल्याचं नाव त्यात होतं. त्याचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. आईने विचारलं तर म्हणाले, “वरून आलं होतं. माझं काम मी केलं.” ही गोष्ट आणि ती गोष्ट एका पारड्यात घालायची नाही, तेवढं कळतं मला. पण लेन्ट्झबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा अण्णांचा आवाज कानात आला, तो काही जात नाही.

म्हणून सांगते, “आम्ही कष्टाला मागे हटत नाही” हे आपलं पालुपद आता पुरे. कष्ट कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, हे विचारायचं आपल्याला कुणी शिकवलंच नाही. तुमचे यजमान कुणाच्या याद्या करत नाहीत, सॉफ्टवेअर करतात, मान्य. पण “नाही, हे उद्या” असं साहेबाला एकदा तरी म्हटलंय का त्यांनी? पोराने तेच विचारलंय, वाकड्या तोंडाने. आणि आळशी म्हणू नका हो त्या लोकांना. तासाभरात ते काम किती उरकतात ते ह्यांनाच विचारा. आमचे हे सुरुवातीला ऑफिसात दिवे मालवेपर्यंत बसायचे, तेव्हा शेजारणीने मला हळूच विचारलं होतं, घरी भांडण आहे का?

तर ह्या रविवारी बापलेकांनी प्लांटाख केर्कलानला जायचं. जळालेलं कार्यालय तिथेच होतं, भिंतीवर पाटी आहे. तिथून चालत गोदी कामगाराच्या पुतळ्यापर्यंत. बोलेल तो मुलगा, बापाने ऐकायचं, फोन घरी. माफीचं तिथे आपोआप होईल. चार मेला रात्री आठला देश दोन मिनिटं थांबतो, तेव्हा ऑफिसचा कॉल नको.

बाकीचं भराभर. दिवाळीत दारातल्या रांगोळीतलं स्वस्तिक बघून समोरच्या आजी बोलेनाशा झाल्या, असं लिहिलंय. त्या वयाच्या बाईला काय आठवलं असेल, हे वर वाचलंत ना? पुढच्या वेळी स्वस्तिक देवघरात काढा, दारात कमळ, आणि फराळाचं ताट घेऊन स्वतः जा. मुलगी मराठीत उत्तर देत नाही? ऐकतेय ना, मग तुम्ही मराठी सोडू नका. सासूबाईंच्या व्हिसाचं मात्र मला विचारू नका, ते वकिलाकडे.