सहकाऱ्याला उत्तर देण्याआधी तुझा एलसीए वाच

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. ‘तुमच्यामुळे आमच्या नोकऱ्या जातात’ असं ऑफिसातला सहकारी जेवताना म्हणाला आणि तू ‘इथे माणसं मिळत नाहीत म्हणून आम्हाला बोलावलंय’ असं त्याला सुनावलंस. तुला लागलं, हे कळतं. पण ते वाक्य पुन्हा बोलू नकोस. ते खरं असेलच असं नाही.

एच-1बी, म्हणजे अमेरिकेत कुशल कामासाठी मिळणारा तात्पुरता व्हिसा, काढताना स्थानिक माणूस शोधून पाहिला का, हे बहुतेक कंपन्यांना कुणी विचारतच नाही. कंपनी अमेरिकेच्या श्रम खात्याकडे एलसीए, म्हणजे पगाराची आणि कामाच्या अटींची हमी देणारा अर्ज, भरते. त्या भागातला त्या कामाचा चालू पगार आणि कंपनी तशाच कामाला इतरांना देते तो पगार, यांतला जो जास्त तो देऊ, ही त्यातली मुख्य हमी. ज्यांच्याकडे एच-1बीवाले फार, त्यांना आधी स्थानिक उमेदवार शोधावे लागतात खरे, पण येणाऱ्याकडे मास्टर्स असेल किंवा पगार 60,000 डॉलर असेल तर तेही माफ. हा आकडा 1998च्या कायद्यातला, आजही तोच! मला याची मनापासून चीड येते, कारण यात तुझा सहकारी भरडला जातो आणि तूही.

शोधाची खरी अट येते ग्रीन कार्डच्या वेळी, पर्ममध्ये, म्हणजे त्यासाठी श्रम खात्याकडून घ्यायच्या मंजुरीत. रविवारच्या पेपरात दोन जाहिराती, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे 30 दिवस नोंद वगैरे. तिथेही पळवाटा निघतात. एरवी ऑनलाइन अर्ज घेणाऱ्या फेसबुक आणि अ‍ॅपलने या जागांसाठी मात्र टपालाने कागदी अर्ज मागवले, असा न्याय खात्याचा आरोप होता. फेसबुकने 2021मध्ये तडजोड केली, अ‍ॅपलने 2023मध्ये. अ‍ॅपलची रक्कम अडीच कोटी डॉलरपर्यंतची होती.

आता तुझ्या हातातलं. कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत एलसीएची प्रत तुला मिळायलाच हवी. नसेल मिळाली तर एचआरकडे लेखी माग. त्यात पगाराची लेव्हल बघ. लेव्हल वन म्हणजे नवशिक्याची, त्या भागात तेच काम करणाऱ्या 100 जणांतले साधारण 83 जण त्याहून जास्त कमावतात असा पगार. पुण्यात चांगला अनुभव घेऊन आलीस, इथे अख्खं मॉड्यूल एकटी सांभाळतेस आणि कागदावर लेव्हल वन असेल, तर त्या सहकाऱ्याची तक्रार रास्त आहे. तुझ्या कमी पगाराने त्याचाही भाव पडतो. मॅनेजरशी बोल, आणि सल्ला स्वतःच्या वकिलाचा घे. कंपनीचा वकील कंपनीची बाजू बघणार.

प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसवलं तरी पगार द्यावाच लागतो. एच-1बीच्या अर्जाची फी आणि त्यासाठीच्या वकिलाचा खर्चही कंपनीचाच; तुझ्याकडे मागितला तर देऊ नकोस.

आणि त्या सहकाऱ्याला एकदा शांतपणे विचार, त्याच्या ओळखीत कुणाची नोकरी गेली आहे का. 2015मध्ये फ्लोरिडात डिस्नेच्या आयटीतल्या लोकांना जाण्याआधी आपल्याच जागी येणाऱ्यांना काम शिकवावं लागलं होतं. असं ज्याने जवळून पाहिलंय, त्याच्याशी वाद घालण्याआधी त्याचं ऐकून घे.

एलसीए हाती आला की मला पाठव. शनिवारी सकाळी फोनवर एकेक रकाना बघू.