विचारा तर खरं : संघटना आहे, माणसं नाहीत

प्रश्न : आमच्या तालुक्यात काजू बी फोडून गर काढणारे लहानमोठे पासष्ट कारखाने आहेत. बरेचसे घराच्या पडवीत, नाहीतर मागच्या मांगरात. तीन वर्षांपूर्वी संघटना केली, रीतसर नोंदणीही झाली. पहिल्या सभेला 52 जण होते. गेल्या सभेला 9, त्यातले 7 पदाधिकारी. हजार रुपये वर्गणी यंदा 11 जणांनी भरली. पालकमंत्र्यांना दोनदा निवेदन दिलं, पेपरात फोटो आले, काम एकही झालं नाही. लोक म्हणतात, बंद करा. मी सचिव आहे. काय करू?
— एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : ताई, निवेदनाची प्रत पत्रासोबत जोडलीत ते बरं केलंत. दीड पानात अकरा मागण्या आहेत. मी स्वतः बारा वर्षं अशाच एका संघटनेचा चिटणीस होतो आणि माझी पहिली दोन वर्षं तुमच्यासारखीच फोटोत गेली. विश्रामगृहाच्या आवारात दीड तास उभं राहायचं, गाडी आली की शाल, श्रीफळ, कागद. कागद स्वीय सहायकाच्या फाइलीत. त्या फाइलीत त्याच सकाळी आणखी चाळीस कागद गेलेले असतात, हे मला फार उशिरा दिसलं.

तुमच्या अकरा मागण्यांत काजू बीवरचं आयात शुल्क आहे, जीएसटी आहे, मे महिन्यातली वीज आहे, बँकेचं व्याज आहे आणि वाडीचा रस्ताही आहे. शुल्क दिल्लीला केंद्रीय अर्थसंकल्पात ठरतं. शेतकऱ्याकडून बी घेतली की तिच्यावरचा जीएसटी नोंदणीकृत कारखानदारानेच आधी भरायचा, ही तुमची तक्रार योग्यच आहे. पण ती जीएसटी परिषदेकडे जाणारी गोष्ट. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, म्हणून रस्ता त्यांच्याकडे मागायचा, आणि तोही पुढच्या वर्षाचा आराखडा ठरत असताना, दिवाळीनंतर. एका कागदावर पाच कार्यालयांची कामं लिहिली की पाचही जणांना ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणायची सोय होते.

आयात शुल्काबद्दल जरा थांबा. 2018-19च्या अर्थसंकल्पात ते 5 टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणलं, तेव्हा आमच्या सभेत अर्धे टाळ्या वाजवत होते आणि अर्धे उठून बाहेर गेले. बाहेर गेलेल्यांचे कारखाने होते तशा काजूच्या बागाही होत्या. बाहेरची बी स्वस्त झाली की आपल्या बीचा दर पडतो. तुमच्याकडेही असे दोन्हीकडचे सभासद असणार, आणि सभेला न येणाऱ्यांत ते जास्त असतील अशी मला शंका आहे. संघटना या विषयावर बोलणार नाही, असा ठराव करून टाका. आम्ही केला. पुढच्या सभेला सातजण परत आले.

आता वीज. आमच्याकडेही मे महिन्यात वादळी वारा सुटला की लाइन जायची, ड्रायरमधला गर अर्धा सुका राहायचा, मग साल नीट सुटत नाही आणि सोलणाऱ्या बायकांच्या हातात अख्ख्या गराऐवजी पाकळी येते. अख्खा गर आणि पाकळी यांच्या दरातला फरक तुम्हाला मी सांगायला नको. पाच वर्षं आम्ही ‘वीजपुरवठा सुरळीत करावा’ असं लिहीत होतो. मग एका वर्षी मी चौदा शंभरपानी वह्या विकत घेतल्या आणि चौदा कारखान्यांत ठेवल्या. वीज गेली कधी, आली कधी, ड्रायरमध्ये किती किलो माल होता, एवढंच लिहायचं. लिहायचं काम बहुतेक ठिकाणी गर सोलणाऱ्या बायकांनीच केलं, मालकांनी नाही. चाळीस दिवसांनी त्या वह्या घेऊन तालुक्याच्या वीज कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी वह्या शेजारी शेजारी मांडल्या आणि स्वतःच म्हणाले, हे सगळे एकाच लाइनवरचे आहेत, आणि दुपारी वारा सुटला की जातेय. ती लाइन एका जुन्या आमराईतून जात होती. फांद्या छाटल्या गेल्या. वीज जायची पूर्ण थांबली नाही, पण त्या पावसाळ्याआधी वह्या रिकाम्या राहायला लागल्या. फोटो कुणी काढला नाही.

वर्गणीचं सांगतो. मी एका सभासदाला चिडून विचारलं होतं, ‘काय रे, सभेक येवक काय होता तुका?’ तो म्हणाला, ‘येवन काय करू? चाय नि बिस्किटां घरात पण गावतत.’ शिमग्याला पालखी दारात आली की हाच माणूस न मागता नोट काढून ठेवतो. पालखी त्याच्या अंगणात येते. तुमची संघटना वर्षभरात किती कारखान्यांच्या पायऱ्या चढली? हजाराच्या पावतीपुस्तकाऐवजी आधी पासष्टच्या पासष्ट ठिकाणी जाऊन या, दोघी-दोघींनी, आणि एकच विचारा : गेल्या हंगामात पैसे कुठे अडकले?

उत्तर मला आत्ताच माहीत आहे. वर्षभराची बी मार्च ते मे या तीन महिन्यांत रोखीने घ्यावी लागते आणि गराचे पैसे मुंबईचा व्यापारी त्याच्या सवडीने देतो. एकटा कारखानदार तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर जाईल. संघटनेचं खरं काम इथे आहे. 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकरातही मेख मारलेली आहे : मुदत उलटून वर्षअखेरीस थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, देईल त्या वर्षी धरता येते. व्यापाऱ्याला व्याजापेक्षा याचीच भीती जास्त. तेव्हा सगळ्यांची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद, करून घ्या, बिलावर तो क्रमांक छापायला लावा, आणि फेब्रुवारीत संघटनेच्या लेटरहेडवर सर्व खरेदीदारांना एकच साधं, गोड भाषेतलं पत्र पाठवा. कुणाचंही नाव न घेता. एवढ्यावर वर्गणीचा विषय निघणार नाही असं नाही, पण मागताना तुमची मान खाली जाणार नाही.

आणखी एक. तीन वर्षांत तुमचे दोन अध्यक्ष बदलले असं लिहिलंय. संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असेल, तर बदल झाल्यापासून 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. दिला नसेल तर आधी ते निस्तरा. आमचं बँक खातं यापायी आठ महिने बंद होतं आणि सही कुणाची चालते यावरून दोन सख्खे शेजारी अजून बोलत नाहीत.

प्रश्न : कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालंय, मग आमच्या बागायतदार संघातल्या सगळ्यांनी पेटीवर ते छापलं तर चालेल ना?
— दापोली

उत्तर : नाही. 2018 साली मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला. संघाचा सभासद असला तरी ते वापरण्यासाठी प्रत्येक बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात स्वतंत्र नोंद करायची असते. संघाने अर्ज एकगठ्ठा भरून द्यावेत, हे काम संघाचंच. बागेचा कागद लागेल, म्हणून मोहोर यायच्या आधी एक दिवस शाळेत बसून सगळ्यांचे सातबारे तपासा. अर्ध्यांवर अजून आजोबांचं नाव असेल, आणि उरलेल्यांवर मुंबईच्या चुलत्यांची रांग. त्या चुलत्यांना गणपतीत गाठा, ते तेव्हाच येतात.