लिस्बनमध्ये एकच दिवस आहे, सोबत आईबाबा आहेत. बेलेम, किल्ला, ट्राम २८ सगळं कसं बसवायचं?

सगळं बसवू नका. यादीतून पहिल्यांदा बेलेम काढा, म्हणजे वास्को द गामाची कबर आणि प्रसिद्ध मनोरा असलेला भाग. ते मध्यवर्ती भागापासून पश्चिमेला सहाएक किलोमीटरवर आहे. जाण्यायेण्यात आणि रांगेत अर्धा दिवस जातो, आणि उन्हात उभं राहून आईबाबा थकतात ते वेगळंच. ट्राम २८ पण सोडा. गर्दीत उभं राहावं लागतं आणि पाकीटमारांचा सुळसुळाट असतो.

इतक्या ठामपणे सांगते, कारण याच गोष्टीवरून मोठ्या भावाशी माझं वाजलंय. मी आईला घेऊन गेले होते. दिवसभर आम्ही फक्त बायशा, शियादो आणि अल्फामा हे शहराच्या मध्यातले जुने भाग पायी फिरलो. घरी आल्यावर दादा म्हणाला, "वास्को द गामाची कबर नाही, बेलेमचा मनोरा नाही, मग एवढे पैसे घालून पाहिलंत काय?"

काय पाहिलं ते सांगते. आम्ही वसईचे कॅथलिक. सकाळी नदीकाठच्या प्रासा दो कोमेर्सिओ या चौकात आईला सांगितलं की इथे राजवाडा होता आणि १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात तो गेला. तारीख ऐकताच ती थबकली. "सर्व संतांच्या सणाला? मिस्सा चालू असताना?" हो, चर्च भरलेली, मेणबत्त्या लागलेल्या. आधी धरणीकंप, मग समुद्राची लाट, मग कित्येक दिवस आग. राजा जोसे इतका धास्तावला की पुढे दगडी इमारतीत राहायलाच तयार होईना. चौकामागचे बायशाचे सरळसोट रस्ते त्यानंतरचे, राजाचा मंत्री पोंबाल याच्या काळातले. तिथल्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडे बसवले, पुन्हा धक्का बसला तर घराने तग धरावा म्हणून.

मग कार्मोचा मठ. भूकंपात कोसळलेलं चर्चचं छत पुन्हा घातलंच नाही. कमानी उभ्या आणि वर आभाळ. आई म्हणाली, "अगं, हे तर आपल्या किल्ल्यातल्या चर्चसारखं." वसईच्या किल्ल्यातली ओसाड चर्च तिने लहानपणापासून पाहिलेली. ती तिथे दगडावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. मीही घाई केली नाही.

दुपारी अल्फामात वर, सांता लुझियाच्या सज्जात गेलो, जिथून खालचं शहर दिसतं. तिथल्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरश्यांचं मोठं चित्र आहे: तोच चौक, भूकंपाच्या आधीचा. सकाळी आपण कुठे उभ्या होतो ते आईने त्यात बोटाने शोधून काढलं. बसने चार ठिकाणी उतरून फोटो काढले असते, तर तिला हा धागा लागला असता का? दादाला मी हेच विचारलं होतं, त्याने उत्तर दिलं नाही.

खाली उतरताना अल्फामात एक म्हातारी दारात बसून जिंजिन्या, म्हणजे आंबट चेरीची दारू, विकत होती. तिला मराठी येत नव्हतं, आईला पोर्तुगीज. तरी दोघी गुडघे दाखवून दाखवून बोलत होत्या. पायथ्याशी काझा दोस बिकोस लागतं, टोकदार दगडांच्या दर्शनी भिंतीचं घर. १५१० साली गोवा घेणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कच्या मुलाने ते १५२३ च्या सुमारास बांधलं. इतिहासच हवा असेल तर तो इथेही आहे, आणि भिंत बाहेरून पाहायला रांग लागत नाही.

आता चढाचं. बायशातल्या रुआ दोस फांकेइरोसवरून किल्ल्याच्या दिशेला एक फुकट लिफ्ट आहे, पुढे थोडं चालून दुसरी. या दोन्ही वापरल्या की निम्मा चढ वाचतो. किल्ला मात्र मी बाहेरूनच सोडला, तुम्हाला तटबंदीची आवड असेल तर वेळ काढा. फरसबंदी चुनखडीची आणि झिजून गुळगुळीत झालेली आहे. पाऊस असेल तर अल्फामा टाळा, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर हा बेत करूच नका. कार्मो रविवारी बंद असतं.

आणि आईबाबांपैकी कुणाची बेलेमची मनापासून इच्छा असेल, तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि तिकडेच जा. पण ती इच्छा त्यांची आहे का, ते आधी त्यांनाच विचारा. आमच्याकडे दादाने आईला आजपर्यंत विचारलेलं नाही.