एथिक्समध्ये पीएचडी केली तर टेक्निकल टच जाईल का?

तुझं पत्र मिळालं. बायोमेडिकलमध्ये एमटेक, प्रोजेक्ट आयसीयूतल्या अलार्मवर, आता हेल्थ टेक्नॉलॉजीतल्या एथिक्सवर पीएचडी करायचीय, पण घरचे म्हणतात एवढं शिकून फिलॉसॉफी करत बसणार का, आणि तुलाही टेक्निकल टच जायची भीती वाटतेय.

अगं, मशीन आतून कळणारी माणसंच या विषयात कमी पडतात! बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर घे. तो त्वचेतून प्रकाश पाठवून ऑक्सिजनचा अंदाज घेतो, आणि २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं की ऑक्सिजन खरंच घसरलेला असताना रीडिंग ठीक दाखवायचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. आता हा सेन्सरचा प्रश्न म्हणायचा की न्यायाचा? दोन्ही, आणि कॅलिब्रेशन, म्हणजे मशीनचं माप जुळवणं, कोणाकोणाच्या बोटांवर झालं हे विचारायला तुझ्यासारखीच कोणीतरी लागते.

पण तू लिहिलेला विषय, ‘आरोग्यक्षेत्रातील एआयचे नैतिक प्रश्न’, तो सोड. त्यात चार वर्षं नुसती वाचण्यात जातील. तुझ्या अलार्मपाशीच थांब ना. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या आकड्याला अलार्म वाजतो तो, कडक ठेवला की खोटे अलार्म वाढतात, नर्स थकतात, मग खरा अलार्मही दुर्लक्षित होतो, आणि सैल ठेवला तर एखाद्या पेशंटचा धोका नजरेतून सुटतो. हा आकडा ठरवतं कोण, ठरवताना नर्सला विचारतात का, हा झाला पीएचडीचा प्रश्न. रिस्पॉन्सिबल इनोव्हेशनवरचा, म्हणजे नवं तंत्रज्ञान जबाबदारीने घडवण्यावरचा, २०१३ चा एक पेपर खूप वापरला जातो, त्यात चार गोष्टी सांगितल्यात, पुढचे परिणाम आधी ताडून बघणं, स्वतःची गृहीतकं तपासणं, संबंधित लोकांना सामील करणं आणि त्यातून कळेल तसं काम बदलणं. मला विचारशील तर शेवटची सगळ्यात अवघड, कारण डिझाइन बदलायला डिझाइन यावं लागतं, ते तुला येतं.

गाइड शक्यतो दोन बघ, एक इंजिनीअरिंगचे, एक एथिक्स किंवा समाजशास्त्राचे. मुलाखतींना एथिक्स कमिटीची परवानगी लागते, वेळ खाते, पहिल्याच वर्षी अर्ज टाक. फंडिंग कंपनीचं असेल तर निष्कर्ष विरोधात गेले तरी छापायचा हक्क लेखी घे, तोंडी नको.

नोकरीची खात्री मी देणार नाही, पण डिव्हाइस कंपन्या, नियामक संस्था, हॉस्पिटलं इथे अशी कामं असतात, तेव्हा कोडिंग आणि डेटाचं काम चालू ठेव. आणि प्रपोजल लिहायच्या आधी आयसीयूतल्या दोन-तीन नर्सशी बोलून घे, अलार्म वाजला की त्या आधी काय करतात एवढंच विचार.