कडाह, कडा आणि कढई : 'ह' गेला कुठे?

प्रश्न असा आला आहे : 'गुरुद्वाऱ्यातल्या प्रसादाला बातम्यांत कधी कडा प्रसाद, कधी कराह प्रसाद, तर कधी कढाई प्रसाद असे छापलेले दिसते. मराठीत नेमके काय लिहावे? आणि सरळ शिरा म्हटले तर काय बिघडते?'

लिहावे कडाह प्रसाद. पंजाबी उच्चार 'प्रशाद' असा आहे, पण आपण प्रसाद लिहिले तर अर्थाला धक्का लागत नाही. कडाहला मात्र लागतो. नांदेडला होला मोहल्ल्याची (होळीच्या वेळचा शीख सण) किंवा गुरुपुरबाची (गुरूंच्या जयंतीची) बातमी आली की ही तीन चुकीची रूपे हटकून डोळ्यांत खुपतात आणि तिन्ही वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहेत.

'कराह' ही रोमन लिपीची करणी. गुरुमुखीत, म्हणजे पंजाबीच्या लिपीत, मधल्या 'ड'च्या या अक्षराला स्वतंत्र चिन्ह आहे, रोमनमध्ये ते 'आर'ने दाखवतात, आणि आपला बातमीदार ते रोमन वाचून 'र' लिहितो. नांदेडची बातमी मराठीत लिहायला रोमनचा आधार कशाला लागावा? बरे, हिंदीत कराह म्हणजे कण्हणे, वेदनेचा आवाज. ज्या प्रसादासोबत 'आनंद साहिब' हे आनंदाचे स्तोत्र म्हणतात त्याला हे नाव! मराठीला इथे नुक्त्याचीसुद्धा (अक्षराखालच्या टिंबाची) गरज नाही. गाडी, वडा, घोडा म्हणताना आपली जीभ मधल्या 'ड'ला जशी उलटी फटकारते, तोच हा पंजाबी उच्चार आहे. आपला साधा 'ड' या शब्दासाठी बनवल्यासारखा आहे.

'कडा' ही चूक अधिक क्षम्य आणि अधिक रंजक. कडा म्हणजे शीख मनगटावर घालतात ते लोखंडी कडे, पाच ककारांपैकी (शिखांनी अंगावर बाळगायच्या 'क'ने सुरू होणाऱ्या पाच वस्तूंपैकी) एक. त्याचे मूळ संस्कृत कटक, त्यावरूनच आपले कडे. कडाहचे मूळ कटाह, म्हणजे कढई. कडे आणि कढई दोन्ही लोखंडाची, पण शब्द वेगळे. मग नांदेडला जाऊन स्वतःच्या कानांनी ऐकून आलेला माणूसही 'कडा प्रसाद' का लिहितो? कारण त्याला खरोखरच तसे ऐकू येते. पंजाबी ही सुरांची भाषा आहे. स्वरामागचा 'ह' तिथे लिहितात, पण बोलताना तो विरघळतो आणि त्याच्या जागी आधीच्या स्वरावर सूर चढतो. चहाला पंजाबीत लिहितात 'चाह', उच्चार ऐकू येतो 'चा', पण वर चढलेल्या सुरातला. सपाट सुरातला 'चा' म्हणजे हौस, उमेद. कडा आणि कडाह यांची गत अगदी तीच : सपाट सुरात मनगटातले कडे, चढ्या सुरात प्रसाद. मराठी कानाला सुरातला हा फरक पकडायची सवय नाही. त्याला दोन्ही सारखेच ऐकू येतात, आणि 'ह' लिहायचा राहून जातो. म्हणून ऐकून लिहू नका, गुरुमुखीतले रूप पाहून लिहा.

आता 'कढाई प्रसाद'. इथे मला थोडे जास्त लिहायचे आहे.

कढई हा शब्द कढणे या क्रियापदावरून आला, असे सांगणारे जाणते पैशाला पासरी मिळतात. कढ, काढा, कढी, कढणे यांच्या रांगेत ते कढईला बिनदिक्कत बसवतात. हे चूक आहे. कढणेचे मूळ संस्कृत क्वथ्, उकळणे. कढईचे मूळ कटाह आणि त्याचे लहान रूप कटाहिका. पुरावा शेजाऱ्यांच्या घरात आहे. पंजाबीत कडाही, हिंदीत कड़ाही : दोन्हीकडे 'ड' वेगळा आणि 'ह' वेगळा. मूळ 'कढ' असते तर या भाषांनी 'ढ' फोडून त्यातला 'ह' शब्दाच्या टोकाला कशासाठी नेऊन ठेवला असता? प्रमाण हिंदीत कढ़ाई म्हणजे कशिदाकाम. खाद्यपदार्थांच्या पाट्यांवर कढ़ाई पनीर लिहिलेले दिसते म्हणून ते प्रमाण होत नाही.

मग मराठीत 'ढ' कसा आला? शेवटचा 'ह' उडी मारून 'ड'च्या कुशीत शिरला : कडाही, कढाई, कढई. मराठीला ही उडी जुनीच अंगवळणी पडलेली आहे. गर्दभचा प्राकृतात गड्डह झाला आणि मराठीत गाढव : तिथेही 'ह' सरकून 'ड'मध्ये बसला. गृहचे घर झाले, 'ग' आणि 'ह' मिळून 'घ'. महिषीची म्हैस झाली. भगिनीची बहीण होताना उलटे घडले, 'भ'मधला श्वास सुटून पुढे गेला. कढणे घरात आधीपासून होते, त्याच्या ओळखीने 'ढ' पक्का व्हायला मदत झाली असेल, एवढे मी मान्य करीन. पण मदत करणारा शेजारी म्हणजे बाप नव्हे.

एकाच कटाहचे तीन संसार पाहा. संस्कृतात 'ह' टोकाला उभा आहे. पंजाबीने त्याचा सूर केला. मराठीने तो 'ड'मध्ये मुरवला. हे सगळे ज्या भांड्यावर घडले ते भांडे आपल्या पूर्वजांना इतके परिचयाचे होते की सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात ब्रह्मांडाच्या आकाराला उपमा दिली आहे ती 'कटाहद्वितया'ची : दोन कढया तोंडाला तोंड लावून ठेवल्या की जो पोकळ गोल होतो, तसे हे ब्रह्मांड. दोन कढया खरोखर तशा ठेवून पाहा, उपमा किती नेमकी आहे ते कळेल.

पंजाबीत भांडे आणि पदार्थ यांची नावे अशी : कडाही लहान, कडाहा मोठा, आणि त्यात होणारा गव्हाच्या पिठाचा गोड पदार्थ तो कडाह. भांड्याचे नाव पदार्थाला मिळाले. आपण 'थाळी खाल्ली' म्हणतो तसेच. या प्रसादाचे दुसरे नाव 'देग' हेही भांड्याचेच, फारसीतले. शीख सेनानी बंदासिंग बहादुराच्या मुद्रेवर 'देग-ओ-तेग-ओ-फतह' अशी अक्षरे होती : देग म्हणजे अन्न देणारे भांडे, तेग म्हणजे तलवार. हा बंदा गुरू गोविंदसिंगांना भेटला तो 1708 मध्ये, नांदेडलाच. देगचे धाकटे रूप देगचा, आणि माझ्या मते आपली डेचकी त्याच घरची.

तर मराठीत 'कढाई प्रसाद' लिहिले की वाचकाला 'कढईतला प्रसाद' एवढेच कळते, आणि पदार्थाचे स्वतःचे नाव हरवते.

शिऱ्याचे काय, असा प्रश्नाचा दुसरा भाग होता. शिरा रव्याचा, त्यात दूध, केळे, वेलची, बेदाणे ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीने पडतात आणि तूप हात आखडून घातले तरी त्याला शिराच म्हणतात. कडाह प्रसादाला अशी मोकळीक नाही. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने 1945 मध्ये मंजूर केलेल्या रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, त्याचे शब्द ठरलेले आहेत : 'त्रिभावली', म्हणजे पीठ, तूप, गोड या तिन्हींचे समान भाग, स्वच्छ भांड्यात, गुरबाणी (गुरूंची पदे) म्हणत केलेले. त्याही आधी गुरू गोविंदसिंगांच्या दरबारातले कवी भाई नंदलाल यांच्या नावाने चालत आलेल्या तनखाहनाम्यात सगळी कृती पद्यात आहे : तीन भाग 'समसर' करा, जागा झाडून सारवून घ्या, भांडी घासून धुवा, स्नान करून बसा, वाहिगुरूखेरीज दुसरे बोलू नका, तयार झाले की चौकीवर ठेवा. (तनखाह म्हणजे तिथे चुकीबद्दलचे प्रायश्चित्त. आपल्याकडे तोच फारसी शब्द संस्थानिकांचा तनखा झाला.)

शीख कवी भाई गुरदासांनी आपल्या एका कवित्तात याला पंचामृत म्हटले आहे आणि पाच वस्तू मोजल्या आहेत : खांड (साखर), तूप, चून, पाणी आणि अग्नी. दूध-दही-मधाचे पंचामृत माहीत असलेल्या मराठी माणसाने इथे थांबून पाहावे. पाचवा पदार्थ चक्क जाळ आहे. आणि चून म्हणजे पीठ, संस्कृत चूर्ण, आपल्या चून-भाकरीतला तोच शब्द. करून पाहिले की कळते, जाळाला घटकांत धरणे ही कवीची नुसती कल्पना नाही. या पदार्थाचा रंग, वास आणि चव तिन्ही जाळावर ठरतात.

कृती अशी. मोठ्या प्रमाणावर तोलूनच करतात : 1 किलो जाडसर कणीक, 1 किलो तूप, 1 किलो साखर आणि पाणी 2 ते 3 लिटर. घरी वाटीने मोजणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. 250 मिलीच्या कपात कणीक सुमारे 125 ग्रॅम बसते, साखर मात्र 200 आणि तूप त्याहूनही थोडे जास्त. म्हणजे कपाने 'समान' घेतलेला प्रसाद तोललेल्यापेक्षा बराच गोड आणि तुपकट होतो. समसर धरायचे तर तराजू घ्या.

एका भांड्यात साखर-पाणी उकळत ठेवायचे. लोखंडी कढईत तूप वितळले की कणीक घालून मंद ते मध्यम जाळावर हलवत राहायचे. हलवायच्या सपाट लोखंडी हत्याराला तिथे खुरपा म्हणतात, आपल्या खुरप्याचाच भाऊ, दोघांचे मूळ क्षुरप्र. तिकडे तो कढईचा तळ खरवडतो, इकडे शेतातले तण काढतो. आधी कणीक तूप पिऊन घट्ट गोळा होते. घाई करणारा इथे फसतो, त्याला वाटते तूप कमी पडले, आणि तो वर आणखी ओततो. हलवत राहिले की काही मिनिटांत गोळा सैल पडतो, खुरप्याखाली मिश्रण ओल्या वाळूसारखे सरकू लागते, कडेने तूप सुटते आणि रंग बदामी होतो. पाव किलोला 15 ते 20 मिनिटे धरावीत. मग जाळ कमी करून उकळते साखरपाणी थोडे थोडे ओतायचे, हात लांब ठेवून, कारण वाफेचा भपका उसळतो. पाणी आटते, गोळा कढईचा तळ सोडतो, तूप पुन्हा कडेला चमकते. झाले.

बिघडते ते असे. कणीक कच्ची राहिली तर प्रसाद टाळूला चिकटतो आणि पिठूळ लागतो. जाळ मोठा असला तर तळाची कणीक करपते, काळे ठिपके पडतात, आणि तो कडवटपणा साखरेने झाकत नाही. पाणी गार असले तर गुठळ्या होतात. कोरडी साखर वरून टाकली तर तिचे कण तुपात तसेच राहतात. पोळ्यांची बारीक कणीक घेतली तर रवाळपणा न येता चिकट लगदा होतो. आणि यातले काहीही चाखून तपासायची सोय नाही, कारण अर्पण होण्याआधी चाखायचे नसते. अंदाज घ्यायचा तो नाकाने, डोळ्याने आणि खुरप्याला लागणाऱ्या जोराने. डोके झाकलेले, तोंडाने पाठ चाललेला. ही शिस्त आणि हा अंदाज एकमेकांत गुंतलेले आहेत : गप्पा मारणाऱ्याच्या हातून तुपाचा वास पालटायचा क्षण निसटतो.

तयार प्रसाद स्वच्छ वस्त्राने झाकून गुरू ग्रंथ साहिबांच्या हुजुरात चौकीवर ठेवतात. आनंद साहिबच्या पहिल्या पाच आणि शेवटची पौडी (कडवे) म्हणतात, मग अरदास, म्हणजे प्रार्थना. (अरदास हा शब्द फारसी अर्जदाश्तवरून आला. पेशवाईतल्या कागदांत तो अर्जदास्त होऊन सापडतो.) अरदासीनंतर प्रसादाला किरपाणीचा स्पर्श होतो, त्याला 'भेट' म्हणतात. 'तलवारीने प्रसाद कापला' असे लिहिणाऱ्यांनी हे भाषांतर कायमचे थांबवावे. मग पाच प्याऱ्यांचा (खालसा पंथाच्या पहिल्या पाच शिखांच्या नावाचा) वाटा वेगळा निघतो, ग्रंथाजवळ सेवेत बसलेल्याला वाटीत देतात, आणि नंतर संगतीला, म्हणजे जमलेल्या भाविकांना. प्रत्येकाला सारखाच वाटा, जात किंवा ऐपत न पाहता, हेही मर्यादेत लिहिलेले आहे. त्या वाट्याला गफ्फा म्हणतात. घेताना बसून, दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायचा. तिथे पान नाही, द्रोण नाही. गोळा तळहातावर टेकतो तेव्हा तो नीट भाजलेला आहे की नाही ते हातालाच कळते : चांगला असेल तर आकार धरून राहतो आणि खाऊन झाल्यावर बोटांवर नुसते तूप उरते, पीठ चिकटून राहत नाही.

आणखी एक गफलत याच्याच शेजारची. 'लंगरमध्ये कडाह प्रसाद वाटला' असे लिहितात. प्रसाद दरबारात, ग्रंथासमोर. लंगर म्हणजे पंगतीतले जेवण : डाळ, भाजी, पोळी. त्यातही मौज अशी की लंगरच्या बोलीत पोळीला 'प्रशादा' म्हणतात. सेवादार 'प्रशादा वाहिगुरू' म्हणत आला तर तो पोळी वाढतो आहे, आणि तीही दोन्ही हात पुढे करून घ्यायची. निहंगांच्या (शीख योद्ध्यांच्या पंथाच्या) बोलीत तर चणे म्हणजे बदाम, कांदा म्हणजे रुप्पा, आणि लंगर संपला म्हणायचे नसते, 'लंगर मस्ताना' म्हणायचे. आपल्या घरांत दिवा विझवत नाहीत, वाढवतात, आणि बांगडी फुटली तर ती वाढवली म्हणतात. उणे शब्द तोंडातून काढायचा नाही, ही दोन्हीकडची एकच रीत.